चार नंबरची बाटली

“बदकाचं आमच्या हिच्यावर सोडा आणि वाइनचं माझ्यावर,” असं गोपनीयराव होणाऱ्या व्याह्यांना जेवायला बोलावताना फोनवर म्हणाले, फोन खाली ठेवला आणि मग आपण काय बोलून बसलो याचा विचार करायला लागले. त्यांचा नेहमीचा क्रम हाच. आधी बोलणं, मग विचार, आणि शेवटी येरझाऱ्या. येरझाऱ्यांचा मार्ग ठरलेला होता. बैठकीच्या खिडकीपासून निघायचं, जेवणाच्या टेबलाला वळसा घालायचा, फ्रिज उघडून आत बघायचं, काहीही न घेता तो लावायचा आणि परत खिडकीशी यायचं. त्या संध्याकाळी फ्रिज इतक्या वेळा उघडला गेला की आतलं लोणी मऊ पडलं.

“काय झालंय तुम्हाला?” बायकोनं विचारलं.

“मला काय होणार? वाइन कुठली द्यायची ते मी ठरवणार आहे.”

“तुम्ही?”

दोन अक्षरांत एवढा संशय मावतो हे गोपनीयरावांना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं, पण त्याची सवय काही अजून झाली नव्हती.

गोपनीयराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते परीक्षा मंडळाच्या गोपनीय विभागात होते, म्हणून इमारतीतल्या लोकांनी ते ठेवलं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारायचा. उत्तरपत्रिकेवरचं उमेदवाराचं नाव झाकायचं, म्हणजे तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळू नये, एवढंच त्यांच्या खोलीचं काम. झाकलेल्या पेपरावर सांकेतिक नंबर घालायचं काम शेजारच्या खोलीचं. या दोन खोल्यांनी एकमेकींशी कामाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, असा नियम होता आणि गोपनीयरावांनी तो उभी नोकरी पाळला होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाबरोबर ते रोज डबा खायचे आणि फक्त हवामानावर बोलायचे.

आता वाइनबद्दल. वाइनचं आणि त्यांचं वैर नव्हतं, ओळखही नव्हती. पण व्याह्यांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एक प्रकार घडला होता. व्याही लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर, माणूस उंच, आवाज त्याहून उंच. त्यांनी ग्लासात वाइन ओतली, ग्लास गोल फिरवला, त्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “हिला जरा श्वास घेऊ द्या.” तोपर्यंत गोपनीयरावांनी आपला ग्लास सरबतासारखा रिकामा केला होता. सगळ्यांनी तो रिकामा ग्लास पाहिला. कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. तेव्हापासून तो ग्लास त्यांच्या मनात तसाच उभा होता, आणि फोनवरचं ते वाक्य त्या ग्लासातूनच बाहेर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक आली. ती दवाखान्यात डोळे तपासायची. वडिलांकडेही ती अशी बघायची की यांना कुठला नंबर लागेल याचा अंदाज घेतेय असं वाटावं.

“बाबा, तुमच्याकडे दोनच गोष्टी मागते. त्या दिवशी कुणाला मार्क द्यायचे नाहीत. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं.”

“मी कधी कुणाला मार्क दिले?”

“तुमच्या होणाऱ्या जावयाला दिलेत की. पहिल्याच भेटीत. शंभरपैकी बासष्ट. तोंडावर.”

“मग? पास आहे.”

“तो अजून मला विचारतो, बासष्ट कशाचे म्हणून. मी काय सांगू? लहानपणी मी केलेल्या चहाला तुम्ही पंचावन्न द्यायचात, ते मी सहन केलं. त्यानं का करावं?” ती पर्स उचलून उभी राहिली. “हे जेवण नीट झालं नाही ना, तर आम्ही दोघं एका दुपारी नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करून येऊ. साक्षीदार दवाखान्यातले आणू. तुम्हाला कळवू.”

एकुलती एक लेक, आणि तिच्या लग्नाची बातमी आपल्याला कळवली जाणार, हा विचारच गोपनीयरावांना सोसवेना. त्यांनी टेबलाला तीन वळसे घातले आणि मनाशी ठरवलं की त्या दिवशी कुठल्याही माणसाला मार्क द्यायचे नाहीत. बाटल्यांबद्दल लेक काही बोलली नव्हती.

वाइनच्या दुकानात ते पहिल्यांदाच शिरत होते. आत शिरण्यापूर्वी त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं. दुकानदार म्हणजे डुलकीतून उठल्यासारखा शांत माणूस. त्यानं विचारलं, “बदक कसं करणार?”

याचं उत्तर मात्र गोपनीयरावांना पाठ होतं. तंगड्या बदकाच्याच चरबीत मंद आचेवर दुपारभर शिजवलेल्या, छातीचा भाग कातडी कुरकुरीत होईपर्यंत तव्यावर भाजलेला, आणि दोन्हींवर संत्र्याचा दाट, किंचित गोड रस. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची, पण तिचं खरं मन या बदकात होतं. सांगता सांगता गोपनीयरावांच्याच तोंडाला पाणी सुटलं.

“म्हणजे जड काम आहे,” दुकानदार म्हणाला. “चरबी भरपूर. ती कापायला वाइनमध्ये आंबटपणा हवा. रस गोड, म्हणजे वाइन अगदीच कोरडी नको, फळाची चव हवी. पिनो न्वार चालेल. मर्लो चालेल. मालबेकही चालेल. थोडी गोडसर पांढरीसुद्धा छान लागेल.”

“पण योग्य कुठली?”

“आवडेल ती.”

आवड हा शब्द गोपनीयरावांना मुळीच खपत नसे. उद्या पेपर तपासणाऱ्यांनी आवडेल त्याला पास करायचं म्हटलं तर मंडळाला कुलूप लावावं लागेल. त्यांनी पांढरी तत्काळ बाद केली, कारण एका पेपराला एकच माध्यम. राहिलेल्यांतून दुकानदारानं सहा लाल बाटल्या काढून दिल्या आणि गोपनीयराव त्या दोन पिशव्यांतून, खणखणाट होऊ नये म्हणून मधे टॉवेल घालून, घरी घेऊन आले. टॉवेल दुकानात नेलेला पाहून दुकानदारानं मान डोलावली होती, ती कौतुकानं की आणखी कशानं, ते कळलं नाही.

टॉवेल घातला तरी जिना हा जिनाच. घरात पोचेपर्यंत सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. ते म्हणाले, “पांढरी घेतली नाहीत ते बरं केलंत. आम्लानं दाताचं कवच झिजतं.”

“आणि लालनं?”

“लालनं दात रंगतात.”

“मग माणसानं बदकाबरोबर प्यायचं काय?”

“पाणी. पण मला बोलावत असाल तर मी लालच घेईन.”

समोरच्या बाई ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की काय प्यायचं ते प्या, पण बाजूला बडबड नको. चवीला शांतता लागते. आणि मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हा स्वतःला तज्ज्ञच समजायचा, कारण एकदा चुकून त्याला विमानात पुढच्या वर्गात बसवलं होतं आणि उतरेपर्यंत त्यानं समोर येईल ते नाकारलं नव्हतं. तिघांची मतं तीन दिशांना. बाटल्यांची नावं कळली की लोक नावावर जातात हे गोपनीयरावांच्या लगेच लक्षात आलं. मेहुणा तर फ्रेंच नाव दिसलं की नुसत्या लेबलाला मान द्यायचा.

आणि इथं गोपनीयरावांना आपण कोण आहोत हे आठवलं. नाव झाकणं हा तर त्यांचा धंदा. येरझाऱ्या थांबल्या. त्यांनी त्याच जागी, फ्रिजचं दार धरून, योजना आखली.

बाटल्यांचे आकारही वेगळे असतात, म्हणून सरबताच्या सारख्या सहा बाटल्या धुऊन वाळवण्यात आल्या. रविवारी सकाळी गोपनीयराव स्वयंपाकघरात गेले, आतून कडी लावली आणि सहाही वाइन त्या बाटल्यांत ओतल्या. रिकाम्या बाटल्या लगेच खालच्या कचरापेटीत. मग ते बाहेर आले, बायको आत गेली.

“आता तू काय करायचं,” ते बंद दाराबाहेरून म्हणाले, “बाटल्या चांगल्या सरमिसळ करायच्या आणि एक ते सहा नंबर चिकटवायचे. मला सांगायचं नाही. मीही तुला काही सांगणार नाही.”

“मला बदक बघायचंय हो.”

“दोन मिनिटांचं काम आहे. पण सरमिसळ मनापासून कर.”

तिनं मनापासून केली. तिचा स्वभावच तसा, हातात घेतलेलं काम नीट करायचं.

दुपारी परीक्षा झाली. दातांचे डॉक्टर, समोरच्या बाई आणि मेहुणा असे तीन परीक्षक, प्रत्येकापुढे बदक, सहा छोटे ग्लास आणि मधे चूळ भरायला पाणी. डॉक्टरांनी प्रत्येक घोट गालात फिरवला आणि सवयीनं वाकून थुंकायला भांडं शोधलं. बाई एका घासावर इतका वेळ थांबायच्या की त्यांना झोप लागली की काय असं वाटायचं. मेहुण्यानं पहिल्या तिघींना नव्वद नव्वद दिले, म्हणून गोपनीयरावांनी त्याला बाजूला घेऊन समज दिली. पाचव्या नंबरावर डॉक्टर आणि बाई यांच्यात एवढा फरक पडला की तिसरं मत घ्यावं लागलं, आणि ते मेहुण्याचं असल्यामुळे दोघंही नाराज झाले. गोपनीयराव स्वतः बसलेच नाहीत. ते प्रत्येकाच्या खुर्चीमागून फिरत होते. “मागे उभे राहू नका, घास उतरत नाही,” असं बाईंनी दोनदा सांगितलं.

पण चार नंबरच्या बाटलीवर काहीतरी खरंच घडलं. मेहुण्यानं बदकाचा घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि बोलायचा थांबला. हेच मुळात नवल. डॉक्टरांनी घोट गालात न फिरवता सरळ गिळला. बाईंनी डोळे उघडले. गोपनीयरावांनी उभ्या उभ्याच एक घास घेतला, एक घोट घेतला, आणि त्यांना कळलं की या दोन वेगळ्या चवी नाहीतच. चरबीचा जडपणा त्या घोटानं हलकेच उचलून नेला, मागे संत्र्याचा वास राहिला आणि पुन्हा घास घ्यावासा वाटला. एकमतानं चार नंबर पहिला आला.

“बदक कसं झालं होतं?” बायकोनं विचारलं. ती दारात हात पुसत उभी होती.

“चार नंबर,” सगळे एकदम म्हणाले.

“मी बदकाचं विचारतेय.”

पण तोवर मार्कांच्या बेरजा सुरू झाल्या होत्या. तिनं रिकाम्या ताटल्या उचलल्या आणि ती आत गेली.

परीक्षक गेल्यावर गोपनीयराव प्रसन्न चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आले. “आता उघड कर. चार म्हणजे कुठली?”

“मला काय माहीत? ओतल्या तुम्ही.”

“पण नंबर तू घातलेस.”

“तुम्ही ओतलेल्यावर घातले. सरमिसळ करून. मनापासून कर म्हणालात.”

गोपनीयराव तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. गुप्तता इतकी चोख झाली होती की पृथ्वीतलावर चार नंबरचं नाव सांगू शकेल असा एकही माणूस उरला नव्हता.

“मग तुमच्या ऑफिसात काय करतात?” तिनं विचारलं. “नाव तुम्ही झाकता, नंबर ते घालतात. परत जुळवतं कोण?”

“जुळणी विभाग.”

“ते कसं करतात?”

जुळणी विभाग वरच्या मजल्यावर होता, आणि नाव झाकणाऱ्यानं तिथं पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. झाकलेली नावं परत नावं होतात कशी, हे गोपनीयरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. आजवर त्यांची अशी समजूत होती की ते आपोआप होतं.

तरी त्यांनी हार मानली नाही. चार नंबरच्या बाटलीत अजून अर्ध्यापेक्षा थोडी कमी वाइन शिल्लक होती. तेच सहा प्रकार पुन्हा आणायचे, एकेक चारशी ताडून पाहायचा, जुळेल तो खरा. ते पुन्हा दुकानात गेले.

“तेच सहा परत द्या.”

“आवडले वाटतं,” दुकानदार म्हणाला.

“एक आवडली.”

“कुठली?”

“तेच शोधतोय.”

दुकानदारानं बाटल्या बांधल्या आणि निघताना, नको म्हणत असतानाही, पिशवी रस्त्यापर्यंत उचलून दिली. माणूस संकटात असावा असं त्याला वाटलं होतं.

घरी बायकोनं साफ सांगितलं की आता बदक होईल ते पाहुण्यांसाठीच, प्रयोगासाठी नाही. गोपनीयराव म्हणाले की बदकाशिवाय घेतलेली चाचणी ग्राह्य धरता येत नाही. ती म्हणाली, धरू नका. त्यांनी चारचं बूच घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि येता जाता ती आहे ना हे बघत राहिले.

एवढ्यात इमारतीचे सचिव आले. कचरापेटीत सहा रिकाम्या बाटल्या, त्यानंतर आणखी सहा भरलेल्या वर गेल्या, हे इमारतीत सगळ्यांना कळलं होतं. सचिव कमालीच्या हळू आवाजात म्हणाले, “घरात काही त्रास आहे का? बोलायचं असेल तर मी आहे.” कार्यक्रम आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण लगेच त्यांनी नियम काढला. एवढ्या बाटल्या घरात ठेवायच्या, वर पाहुणे बोलवायचे, तर परवाना कार्यालयाची मंजुरी हवी. दुसरा कुणी असता तर त्यानं दुर्लक्ष केलं असतं. गोपनीयराव सरकारी माणूस. नियम ऐकला की त्यांचे हात आपोआप अर्ज शोधायला लागत.

परवाना कार्यालयात एक जाडसर भिंगाच्या चष्म्याचे अधिकारी बसले होते. त्यांनी अर्ज वाचला.

“सहा नावं ठीक आहेत. सातव्या ओळीत हे काय? ‘क्रमांक चार’?”

“ती वाइनच आहे. आधीच्या सहांपैकीच एक.”

“कुठली?”

“ते गोपनीय आहे.”

“कुणापासून?”

“सगळ्यांपासूनच,” गोपनीयराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “साहेब, सरबताच्या बाटलीत नाव नसलेलं मद्य घरात ठेवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे? हजर करा ते.”

सातवी ओळ रिकामी सोडली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, हे परतीच्या वाटेवर त्यांना पावलोपावली जाणवत राहिलं. पण प्रामाणिकपणाचा झटका येऊन गेला होता. त्यांनी बाटली नेऊन हजर केली. अधिकाऱ्यांनी ती उजेडात धरली, लाख वितळवून बूच बंद केलं, कापड गुंडाळलं, वर एक लांबलचक नंबर लिहिला आणि ती मागच्या कपाटात ठेवली. चार नंबरला आता नवा नंबर मिळाला होता.

“यातली थोडी मला परत...”

“नमुना परत मिळत नाही. तपासणी होईल, निकाल पोस्टानं येईल.”

“कुठल्या प्रयोगशाळेत जाईल तेवढं सांगा.”

“ते आम्हालाही कळत नाही,” अधिकारी म्हणाले. “गोपनीय असतं.”

गोपनीयराव जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. आजवर आपण किती लाख नावं झाकली असतील, आणि त्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असंच पोस्टमनची वाट बघत बसलं असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग ते उठले, कारण बसून राहायची त्यांना सवय नव्हती.

जेवणाचा दिवस उजाडला. बदक दुपारपासून चुलीवर होतं आणि घरभर वास सुटला होता. गोपनीयराव खिडकी, टेबल, फ्रिज, खिडकी असे फिरत होते. सहा बाटल्या टेबलावर ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांची नावं ठसठशीत, आणि कुठली उघडायची याचा काही निर्णय झालेला नव्हता. शेवटी त्यांनी ठरवलं की यातली एक हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि हिला श्वास घेऊ द्या म्हणायचं. आवाज ठाम ठेवला की लोक ऐकतात.

व्याही, विहीणबाई आणि होणारा जावई आले. जावई सडपातळ, पुलांची आखणी करणाऱ्या कंपनीत होता, आणि गोपनीयरावांसमोर आला की बिचारा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा हात मांडीवर ठेवायचा. त्यानं नमस्कार केला. गोपनीयरावांच्या तोंडात आलेलं वाक्य लेकीच्या नजरेनं परत आत गेलं.

सगळे टेबलाभोवती बसले. व्याह्यांनी बाटल्यांवरून नजर फिरवली आणि त्यांचे डोळे चमकले. “वा. सहा आणल्यात. यातली बदकासाठी कुठली निवडलीत? आणि कशी निवडलीत तेही ऐकायचंय मला.”

गोपनीयरावांनी एक बाटली उचलली. डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे तो व्याह्यांच्या घरचा रिकामा ग्लास आला, आणि त्याच्या पलीकडे नोंदणी कार्यालयाचं टेबल. त्यांनी डोळे उघडले आणि बाटली खाली ठेवली.

“निवडली होती,” ते म्हणाले. “पण आता सापडत नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरबताच्या बाटल्या, कडी, सरमिसळ, डॉक्टरांचं थुंकायचं भांडं, परवाना कार्यालयातली लाख. सांगताना ते उभे होते आणि खुर्चीची पाठ घट्ट धरून होते. विहीणबाईंनी नॅपकिन तोंडाला लावला. व्याही मात्र हसले नाहीत. ते पुढे सरकून ऐकत होते. लिफ्ट का अडकली याचा अहवाल ऐकावा तसा त्यांनी तो प्रकार ऐकला.

“पद्धत उत्तम आहे,” ते शेवटी म्हणाले. “एक माणूस कमी पडला, बस. सहाही बाटल्या आहेत, बदक आहे. परत घेऊया परीक्षा. मीही बसतो. नाव न बघता मला काय कळतं ते मलाही कळू दे.”

“पण जुळणी?” गोपनीयराव म्हणाले.

“मी करतो,” जावई म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले तसा तो लाल झाला. “ओततो मी, नंबरही मीच घालतो, आणि लक्षात ठेवतो. मी जेवायला मागाहून बसेन.”

तो बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि दार लागलं. गोपनीयराव दाराबाहेर उभे राहिले. त्यांना असं दाराबाहेर उभं राहायची सवय नव्हती. आजवर ते दाराच्या आतल्या बाजूला असायचे. “झालं का?” त्यांनी विचारलं. “होतंय,” आतून उत्तर आलं. त्यांनी टेबलाला वळसा घातला. “झालं का?” “होतंय, बाबा.” फ्रिज आत अडकल्यामुळे त्यांचा मार्गच तुटला होता, म्हणून ते आणखी लवकर दाराशी परत येत. “सरमिसळ नीट कर. झालं का?” लेकीनं शेवटी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

सहा बाटल्या आल्या, बदक आलं. कातडी सुरीखाली करकर वाजली आणि संत्र्याचा रस ताटलीत पसरला. सगळे गंभीरपणे एकेक घोट घेत गेले. पहिल्या नंबराला व्याही जाणकारासारखे हं म्हणाले, दुसऱ्यालाही हं म्हणाले, आणि तिसऱ्याला हं म्हणायचं विसरले. त्यांनी पुन्हा बदक खाल्लं, पुन्हा तिसरी घेतली. विहीणबाईंनी आपला ग्लास सरळ पुढे केला. गोपनीयरावांनी घोट घेतला आणि खुर्चीतून अर्धे उठले. तीच ती. चार नंबर. चरबी उचलून नेणारी, मागे संत्रं ठेवणारी.

“हीच,” ते म्हणाले. “हीच होती. तीन म्हणजे कुठली?”

जावई दाराच्या चौकटीत उभा होता. त्यानं हात मागे बांधले होते.

“सांगतो, बाबा. पण आधी एक विचारू?”

“विचार की.”

“बासष्ट कशाचे होते?”

लेक ताटलीकडे बघत होती. व्याह्यांना हे ठाऊक नव्हतं, ते आळीपाळीनं दोघांकडे बघायला लागले. गोपनीयरावांनी आठवून पाहिलं. हा त्या दिवशी कसा बसला होता, काय बोलला होता, बूट कसे होते. काही बासष्टचं सापडेना. उत्तर म्हणून सांगता येईल असं तोंडाशी दोन-तीनदा आलं, आवाज ठाम ठेवला असता तर खपलंही असतं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “खरंच माहीत नाही. लेक पहिल्यांदा कुणाला तरी घरी घेऊन आली होती आणि मी घाबरलो होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. पेपर न बघता दिले मी ते.”

लेकीनं मान वर केली. डोळे तपासणाऱ्या माणसाचे डोळे भरले की त्याला ते लपवता येत नाहीत, निदान तिला तरी आले नाहीत.

“आता तू सांग,” गोपनीयराव जावयाला म्हणाले. “तीन म्हणजे कुठली?”

जावयानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाटल्यांकडे.

“मलाही माहीत नाही,” तो म्हणाला. “पहिल्या दोन लक्षात होत्या. मग तुम्ही इतक्या वेळा झालं का विचारलंत की तिसरीपासून पुढचं सगळं डोक्यात सरमिसळ झालं. मगाशीच सांगणार होतो. धीर होत नव्हता.”

पहिली हसली ती गोपनीयरावांची बायको. ती इतकी हसली की तिला हातातलं भांडं खाली ठेवून बसावं लागलं. मग विहीणबाई, मग लेक, आणि व्याह्यांचं हसू तर लिफ्टमधून वर आल्यासारखं एकेक मजला चढत आलं. गोपनीयराव तेवढे हसले नाहीत. ते उठले, दारापाशी गेले, जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला आणून आपल्या खुर्चीवर बसवलं. जे बोलायला आपल्याला अख्खा जन्म लागला ते या पोरानं दोन मिनिटांत बोलून टाकलं, असं त्यांना वाटत होतं. “शंभरपैकी...” असं त्यांच्या तोंडून निघालंच, पण पुढचा आकडा त्यांनी गिळला आणि जावयाच्या ताटलीत तंगडी वाढली. उरलेली तीन नंबरची बाटली त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नाव न विचारता संपवली.

परवाना कार्यालयाचा निकाल पुढे बऱ्याच दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं की सदर द्रव लाल असून पिण्यास योग्य आहे. गोपनीयराव तो कागद वाचत होते तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. लग्न नोंदणी कार्यालयातच होणार होतं, पण दोन्ही घरं हजर राहणार होती आणि नंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं.

“मग त्या दिवशी वाइनचं काय करायचं?” व्याह्यांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” गोपनीयराव म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते बरंच सोपं गेलं. “लाल घ्या. पिण्यास योग्य असली म्हणजे झालं.”

“आणि जेवणाचं?”

गोपनीयरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत बायको भांडी घासत होती आणि नळ चालू होता. तो बंद होईपर्यंत ते थांबले, मग आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बदक आमच्या घरून येईल. तसं बदक मी दुसरीकडे कुठं खाल्लेलं नाही. आणि हे मात्र मला माहीत आहे.”

आतला नळ बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.